गुरुवारचं दाताचं काम

“नुसतं बोलून कुणाचं दुखणं जातंय का रं? मंग आपल्या म्हशीलाबी नीऊन बसव त्या मॅडमपुढं. तीबी आटलीया.”

एवढं बोलून अप्पांनी मोटारसायकलची किल्ली बंडीच्या खिशात टाकली आन् वरनं हात ठिवला. म्या हिसकून घेईन आसं त्यांना वाटलं. म्या घेणारच हुतो, पर वडील हायत म्हणून थांबलो. मंग बादलीला लाथ घातली. बादली भरलेली हुती ते ध्यानातच न्हवतं. समद्या अंगणात चिखल झाला, दारातली रांगोळी वाहून गेली, आन् आतनं अव्वाबी, म्हंजे आमची आई, माझ्यावरच बोलायली.

भांडण कशावरनं, तर आज गुरुवार. दर गुरुवारी म्या माझ्या थोरल्या बहिणीला, राजेश्वरीअक्काला, मुरूमजवळच्या आमच्या गावावरनं उमरग्याला नेतो. तिथं हायवेच्या कडंला एक दवाखाना हाय, त्याच्या वरच्या मजल्यावर युसरा मॅडम बसत्यात. त्या समुपदेशन करत्यात. म्हंजे सुई न्हाय, सलाईन न्हाय. खुर्चीत बसायचं आन् बोलायचं. अप्पांचं म्हणणं, आता बास. पोरगी बरी व्हायला पाठवली हुती, ती बिघडून आली.

बिघडली का बरी व्हायलीय, ह्याच्यावरच समदं अडलंय. आन् खरं सांगू का, मलाबी पक्कं ठाऊक न्हाय. पर मला ते बगायचंय.

अक्का उन्हाळ्यात सासरवरनं, लातूरवरनं आली. दाजींचं तिथं मोबाईलचं दुकान हाय. दुकानात कामाला असलेल्या बाईसंगं त्यांचं कधीपासनं चालू हुतं. गल्लीतल्या बायांना ठाऊक, सासूला ठाऊक, समोरच्या चहावाल्याला ठाऊक. अक्काला कळलं समद्यात शेवटी. संक्रांतीला अक्का त्या बाईला घरी बोलवून हळदीकुंकू लावून वाण दिऊन मोकळी झाली हुती.

आली तवा ती रडली न्हाय. रडंल, मोकळी हुईल, म्हणून आमी वाट बगत हुतो. ती मधल्या खोलीत भिताडाकडं तोंड करून निजली, ती निजलीच. जेवायला हाक मारली की उठायची, दोन घास खायची, परत जाऊन पडायची. केस विंचरायची न्हाय. ही तीच अक्का, जी लग्नाआधी पापड लाटता लाटता आख्ख्या गावाच्या नकला करायची. म्या नववीतनं शाळा सोडली तवा अप्पांच्या हातातला पट्टा धरला तो तिनंच. मला शंभू म्हणून कधी हाक मारली न्हाय तिनं. “काय रं कुत्र्या” आसंच म्हणायची. ते आयकून किती महिने झाले हुते.

अव्वानं तिच्यावरनं नारळ उतरवला, मठातनं विभूती आणली. मंग एक दिवस बसप्पामामा आले. मामा म्हंजे अव्वाचे भाऊ, आमच्या पावण्यांत कुणाचंबी काय मोडलं की जोडायला त्यांनाच बोलवत्यात. त्यांनी सांगितलं, उमरग्यात एक मॅडम हायत, समुपदेशन करत्यात, बायांची समजूत घालत्यात. समजूत घातली की पोरगी गप नांदायला जाती.

अप्पा लगीच तयार झाले. खरी चूक इथंच झाली, पर तवा कुणाच्या ध्यानात आली न्हाय. मामा आन् अप्पा बरं व्हायला पाठवायले न्हवते, नांदायला जाईल आशी करून आणायला पाठवायले हुते.

आता गावात सांगायचं काय? डोक्याच्या दवाखान्यात जाती म्हणलं तर भावकी खुळी म्हणून मोकळी हुईल. मंग अव्वानं परस्पर सांगून टाकलं, आमच्या राजीचं दाताचं काम चालू हाय. शेजारची शरिफाबी रोज इचारायची, किती दात काढले गं, आन् अक्काच्या तोंडाकडं टक लावून बगायची. एकदा मला म्हणली, तोंडात तर समदे जागच्या जागी दिसायलेत. म्या म्हणलो, मुळाचं काम हाय चाची, वरनं दिसत न्हाय. ती बराच येळ माझ्याकडंच बगत राहिली.

पहिल्या गुरुवारी अक्का गाडीवर पोत्यासारखी बसली. खड्डा आला तरी मला धरलं न्हाय. म्या उमरग्यातच टायरच्या दुकानात कामाला हाय, तवा तिला वर सोडून दुकानात जायचं आन् झालं की न्यायचं आसं ठरलं हुतं. पर माझा पाय निघंना. आत नेमकं काय करत्यात ते मला बगायचंच हुतं. जिन्यात एक खिडकी हाय, तिथं कान लावून उभा राहिलो. पंखा आयकू यायला, हायवेवरचे ट्रक आयकू यायले. आत दोघी गप. कितीतरी येळ गप. बोलायचा दवाखाना आन् कुणी बोलंना. म्या दार उघडून आत गेलो आन् म्हणलो, मॅडम, तुमी इचारा की तिला, ती आपणहून काय सांगायची न्हाय.

मॅडम चिडल्या न्हायत. उठून दारापर्यंत आल्या. वयानं अक्कापेक्षा थोड्याच मोठ्या, डोक्याला ओढणी, पायात खेळायचे बूट. हळूच म्हणाल्या, “घाई तुला आहे, तिला नाही. खाली थांब.” आन् दार लावून घेतलं.

दोन-तीन खेपा आसंच झालं. मंग एकदा अक्का खाली उतरायच्या आधी म्या मॅडमला जिन्यात गाठलंच. इचारलं, तुमी तिला सांगता तरी काय?

“फार कमी सांगते,” त्या म्हणाल्या.

“मंग ती बरी कशी हुणार?”

“होईलच असं मी कुठं म्हटलंय? बऱ्याच जणांना फायदा होतो. काहींना गोळ्याही लागतात. काहींना दुसरंच काहीतरी लागतं. तुझ्या अक्काचं काय, ते बघायचंय अजून.”

मला लई राग आला. आमच्या दुकानात टायर लावल्यावर म्या आसं म्हणलो, बगू टिकतंय का, तर ट्रकवाला टायर काढायची लोखंडी टॉमी घिऊन माझ्या मागं लागंल. पर घरी जाईपातूर माझ्या डोक्यात तेच घुमायलं. आपल्याला ठाऊक न्हाय आसं तोंडावर सांगणारं मोठं माणूस म्या तवर बगितलंच न्हवतं. अप्पांना समदं ठाऊक असतंय. मामांना त्याच्याहून जास्त. मास्तरांचं तर सोडाच.

मॅडमनी तिला सोलापुरातल्या एका डॉक्टरांकडंबी पाठवलं. त्यांनी गोळ्या दिल्या. आता माझं कोडं आणखीन वाढलं. समजा अक्का सुधारली, तर ते गोळीनं का बोलण्यानं? का उगं दिवस गेले म्हणून? म्या दुकानात येणाऱ्या एका डायवरला इचारलं, त्याची बायको दुसऱ्यासंगं निघून गेलेली. तो म्हणला, आपल्याला कुणाकडं बोलायची गरज लागली न्हाय, आपण गाडी चालवत राहिलो, समदं विसरलो. ही गोष्ट तो दर खेपेला येतो तवा मला सांगतो. साडीच्या रंगासकट.

मंग म्या ठरवलं, इचारून काय कळणार न्हाय. बगत राहायचं.

मॅडमनी अक्काला एक काम लावून दिलं हुतं. मन असो नसो, रोज एक बारकं काम करायचं, जे आधी आवडायचं ते. तिनं दारातली रांगोळी घेतली. पहिल्या दिवशी कसली रांगोळी, चार रेघा, त्याबी वाकड्या, आन् परत जाऊन निजली. दुसऱ्या दिवशी तेवढंच. म्या रोज बगायचो. आठवडाभरानं म्या म्हणलो, काय गं, इथनं कोंबडी चालून गेली का? ती वाकल्यालीच म्हणली, तुझ्या तोंडावर काढू का? आवाज बारीक हुता, मान वर केली न्हाय. पर म्या दुकानात दिवसभर शिट्टी वाजवायलो हुतो, मालक म्हणला, आज काय लागलंय ह्याला.

त्याच्यानंतर गाडीवर परत येताना ती मधी मधी बोलायला लागली. वाऱ्यानं निम्मं मला आयकूच यायचं न्हाय, आन् मान वळवली की म्हणायची, तू म्होरं बग. एक दिवस फाट्यावर ट्रॅक्टर आडवा लागला म्हणून गाडी थांबली, तवा समदं नीट आयकू आलं.

“त्यानं केलं ते दुखतंयच रं,” ती म्हणली. “पर समद्यांना ठाऊक हुतं आन् म्या एकटी हसत फिरायले हुते, ते त्याच्याहून दुखतंय. मला वाटायचं, म्याच बावळट हाय. आता कुणाचंबी तोंड बगितलं की वाटतंय, ह्यालाबी काय ठाऊक आसंल आन् मला सांगंना झालाय.”

“मला काय ठाऊक न्हाय,” म्या म्हणलो.

“ते दिसतंय,” ती म्हणली.

म्या हसलो. ती हसली का न्हाय ते दिसलं न्हाय, आरसा वाकडा हुता. दुसऱ्या दिवशी आरसा नीट करून घेतला.

इकडं अप्पा बेजार. एवढे गुरुवार झाले आन् पोरगी नांदायचं नाव काढंना. त्यांनी मॅडमला फोन लावला, तोबी स्पीकरवर, आमच्या म्होरंच. म्हणाले, पोरगी कधीपातूर तयार हुईल ते सांगा, म्हंजे पावण्यांना निरोप द्यायला बरं. मॅडम म्हणाल्या, ते मी ठरवत नाही, ते राजेश्वरी ठरवेल. अप्पांनी फोनकडं आसं बगितलं जणू फोनच बिघडलाय. मंग म्हणाले, मंग ही बाई करती तरी काय?

मलाबी सुरवातीपासनं तेच इचारायचं हुतं. पर हे उत्तर मला आवडलं, आन् अप्पांना आवडलं न्हाय म्हणून जरा जास्तच.

मंग बसप्पामामांनी येळवसचा बेत काढला.

येळवस, म्हंजे वेळा अमावस्या, आमच्या भागातला लई मोठा सण. त्या दिवशी समदं गाव शेतात असतंय. कडब्याची कोप, म्हंजे खोपटं, करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आन् भज्जी, उंडे, खीर, आंबील आसं जेवण. भज्जी म्हंजे पालेभाजी, वाटाणा, तुरीचे दाणे, समदं बेसनात एकत्र शिजवलेलं, आन् उंडे म्हंजे पिठाचे उकडलेले गोळे. आन् त्या दिवशी शेताच्या कडंनं कुणीबी जाऊ द्या, वळखीचा असो नसो, त्याला जेवल्याबिगर सोडत न्हायत. ज्याच्यासंगं बांधाचं भांडण हाय त्यालाबी हात धरून आणून बसवत्यात. मामांचं डोकं आसं चाललं, की जावयाला तिथं आणायचा. पोरगी आंबील वाढणारच, येळवसला कुणी न्हाय म्हणत न्हाय. तिच्या हातचं त्यानं खाल्लं, पांडवांम्होरं खाल्लं, की विषय संपला. परत कशाला काय बोलायचं.

अक्काला कुणी सांगितलं न्हाय. मला तर न्हाईच, माझं डोकं गरम म्हणून.

ह्या वर्षाची भज्जी अक्कानं केली. पहाटं उठून. अव्वा नुसती बाजूला उभी, चुलीला लाकडं सारायची आन् पदरानं डोळे पुसायची, धूर लागतोय म्हणायची. शेतात सकाळ चांगली गेली. शरिफाबीचं घर दरवर्षी आमच्याकडं जेवायला असतंय, तीबी आली. पंगत बसली, आन् मामांची जीप बांधावर आली. जीपमधनं दाजी उतरले. गॉगल डोक्यावर चढवल्याला, हातात पेढ्याचं खोकं.

 अप्पांनी घोंगडं झटकून जागा केली, या म्हणाले. म्हंजे अप्पांना ठाऊक हुतं. म्या बगितलं, अव्वालाबी ठाऊक हुतं, ती खाली मान घालून उंडे मोजल्यासारखं करायली. अक्कानंबी तेच बगितलं. एकेकाच्या तोंडाकडं बगत गेली. परत एकदा समद्यांना ठाऊक आन् हिला न्हाय.

कोपीला लावल्याला एक बांबू हुता, माझा हात त्याच्यावर गेला. अक्कानं माझ्याकडं बगून नुसती मान हलवली. मंग तिनं पत्रावळ मांडली आन् दाजींना वाढलं. भज्जी, उंडे, खीर, समदं, एकबी न विसरता. मामांनी मिशीवरनं हात फिरवला आन् अप्पांकडं बगितलं. अप्पांच्या तोंडावर मला हसू दिसायलं, लई दिवसांचं राहिल्यालं. दाजी जेवले. हळूच म्हणाले, राजी, झालं गेलं सोड आता. अक्कानं आंबील वतली. दाजींनी ती पिऊन ग्लास खाली ठेवीपातूर उभी राहिली.

“येळवस हाय म्हणून वाढलं,” ती म्हणली. “आज वाटसरूलाबी वाढत्यात. पोट भरलं आसंल तर निघा आता. आन् तुमाला परत बोलवायचं आसंल तर म्या बोलवीन. मामा न्हाय.”

आवाज चढवला न्हाय. पर हातातली आंबिलीची कळशी तिरकी झाली हुती, कडंनं आंबील मातीत सांडायली. ते बाकी कुणी बगितलं न्हाय, समदे तिच्या तोंडाकडं बगायले हुते.

दाजी उठले. चूळ भरली. म्हणाले, “हे कुणी शिकवलं हिला?”

मागनं शरिफाबी म्हणली, “दाताच्या डॉक्टरनं.”

कुणीतरी हसलं. म्या न्हाय. चाचीला पहिल्यापासनं ठाऊक हुतं तर. जीप गेली. पेढ्याचं खोकं तिथंच राहिलं, ते पोरांनी संपवलं.

मला वाटलं, जिंकलो. घरी आलो, आन् अक्का मधल्या खोलीत जाऊन भिताडाकडं तोंड करून निजली.

दुसऱ्या दिवशी उठली न्हाय. तिसऱ्या दिवशीबी तेच. दारात रांगोळी न्हाय. अप्पा म्हणाले, बगा, घरबी गेलं आन् पोरगीबी गेली, काय मिळालं त्या बोलण्यानं.  म्या गाडी काढली आन् एकटाच उमरग्याला गेलो, थेट वर. मॅडमपुढं उभा राहून म्हणलो, तुमचं औषध उतरलं बगा. परत निजलीय ती. काय उपेग न्हाय ह्याचा.

मॅडमनी खुर्ची दाखवली. म्या त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसलो. बसल्यावर कळलं, खिडकीतनं हायवे दिसतोय, आमचं दुकानबी दिसतंय.

“अक्कानं मला काय सांगितलं ते मी तुला सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण तू काय बघितलंस ते मला सांग.”

म्या सांगायला लागलो. भिताडाकडं तोंड. रांगोळी न्हाय. त्या म्हणाल्या, आणखी? म्या म्हणलो, रडली. मोठ्यानं, शेजारी आयकू जाईल आशी. आधी रडायची का? न्हाय, आधी एकदाबी न्हाय. आणखी? अव्वाला म्हणली, दार मोकळं ठिवू नको, रांगोळी तू काढ. आणखी? मामांचा फोन आला तवा निजल्यालीच म्हणली, मामाला सांगा माझ्या नावानं कुणाला शब्द दिऊ नका. आन् गोळी आपणहून मागून घेतली. आन् जेवली. कमी, पर जेवली.

एवढं बोलून म्या थांबलो. म्याच बोलायलो हुतो आन् माझ्याच ध्यानात यायलं हुतं, की हे निजणं आधीच्या निजण्यासारखं न्हाय. पर त्याला काय म्हणायचं ते कळंना.

“मंग बरी हाय का ती?” म्या इचारलं.

“मला अजून माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “गुरुवारी येईल का?”

म्या म्हणलो, ठाऊक न्हाय. आन् पहिल्यांदा मला तसं म्हणायची लाज वाटली न्हाय.

तो गुरुवार म्हंजे आज. सकाळी उठलो तर दारात रांगोळी. चांगली मोठी, मधी कमळ काढल्यालं. तीच म्या बादलीनं वाहून लावली, आन् मंग अंगणात अप्पा, म्या, आतनं अव्वा, आन् प्रत्येकाचा आवाज चढल्याला.

आतनं अक्का आली. केस विंचरलेले, ओले. चिखलाकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं, आन् अप्पांम्होरं जाऊन हात पसरला.

“अप्पा, किल्ली.”

अप्पांनी खिशावरचा हात काढला न्हाय. म्हणाले, नांदायला जाणार हायस का न्हाय, तेवढं एक सांग. मंग कुठं जायचं तिथं जा.

“ठाऊक न्हाय मला,” अक्का म्हणली. “तेच बोलायला जायलेय.”

अप्पांनी तिच्याकडं बगितलं.  मंग म्हशीला पाणी दाखवायचं राहिलंय म्हणाले, जाता जाता किल्ली गोठ्याच्या भिताडावर ठिवली, आन् गेले. हातात दिली न्हाय. पर ठिवली.

अक्कानं किल्ली उचलून माझ्याकडं फेकली.

“रांगोळी पुसलीस ना रं, कुत्र्या.”

मला काय काय सांगायचं हुतं तुमाला अजून. गोळीनं का बोलण्यानं, ह्याच्यावर म्या एक इचार केलाय, बरोबर हाय का न्हाय ठाऊक न्हाय, तो आसा की... आता ती मागं बसून माझ्या खांद्यावरनं हात घालून हॉर्न दाबायलीय, शरिफाबी दारात आलीय, दाताला उशीर व्हायलाय म्हणून वरडायलीय. राहू द्या. मला आता निघावं लागतंय.